परदेशी बाईचा हमीदार

मुरुडच्या आमच्या आळीत एक परदेशी बाई राहते आहे, ही गोष्ट सगळ्यांत शेवटी कळली ती ज्यांच्या घरात ती राहत होती त्या नुरुद्दीनभाई हळद्यांना. आणि कळली तीही दत्तात्रेय चौलकरांकडून. चौलकरांकडून एखादी बातमी आधी कळणं हा नुरुद्दीनभाई स्वतःचा पराभव समजत. मुरुडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती, आणि त्या काळात तालुक्याला बातमी द्यायचं काम त्यांचं होतं. कोणती गाडी लागली, कोणती रद्द झाली, कोणती वाटेत बंद पडून उभी आहे, हे आधी ते माईकवरून सांगत आणि मग ते खरं होई. निवृत्त झाल्यावरही गाव त्यांना कंट्रोलर म्हणे आणि ते कुणाला थांबवत नसत.

तर श्रावण संपत आलेला. चौलकर रोजच्यासारखे हळद्यांच्या ओटीवर बसून हळद्यांचा पेपर वाचत होते. चौलकरांची स्वतःची नारळ-पोफळीची वाडी आहे, चिरेबंदी घर आहे, पण पेपर मात्र शेजाऱ्याचाच वाचावा असं त्यांचं मत. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "कंट्रोलर, मुंबईत परदेशी लोक धरले म्हणे. मुदत संपली तरी राहत होते. आपल्या आपाची मुदत कधी संपते?"

"आपा काय औषधाची बाटली आहे?" नुरुद्दीनभाई म्हणाले.

"तसं नाही. पण पासपोर्ट विलायतचा आहे ना त्यांचा?"

आता हे खरं होतं. रहिमुन्निसा आपा ही नुरुद्दीनभाईंची थोरली बहीण. लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली, तिथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, नवऱ्यासोबत तिकडचीच नागरिक झाली. मूलबाळ झालं नाही. नवरा गेल्यावर ती एकटी पडली तेव्हा नुरुद्दीनभाईंनीच फोनवर सांगितलं होतं, "आपा, इथे तुझं घर आहे. ये, कायमची ये." माईकवरून सांगावं तसं सांगितलं होतं. आपाने ते ऐकलं, तिकडच्या सरकारी फ्लॅटची चावी परत केली आणि रमजानच्या तोंडावर दोन बॅगा घेऊन मुरुडला उतरली. दुसऱ्या दिवसापासून ती परसात बसून बोंबील साफ करत होती. त्या बाईला मुदत असेल हे कुणाच्या डोक्यात यावं?

"आपा," नुरुद्दीनभाईंनी हाक मारली, "तुझा व्हिसा कुठे आहे?"

"मोबाईलमधी हाय," परसातून उत्तर आलं. "तिकडं शेजारच्या पोरीनं काढून दिलेला. हात बरबटलेत, तूच बघ."

नुरुद्दीनभाईंनी चष्मा लावून बघितलं. एवढ्याशा चौकोनात आपाचा घाबरलेला फोटो होता, खाली नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं की ही बाई टुरिस्ट आहे.

मुदतीचं दुःख नंतर. नुरुद्दीनभाईंना आधी त्या शब्दाने घायाळ केलं. टुरिस्ट म्हणजे कोण, हे मुरुडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. जो जंजिऱ्याला जायच्या शिडाच्या होडीत उभा राहून फोटो काढतो, सोलकढी पिऊन तोंड वेडंवाकडं करतो आणि शेवटची गाडी चुकली म्हणून कंट्रोलरशी भांडतो, तो टुरिस्ट. आपाने यातलं काहीही केलं नव्हतं. इतक्या महिन्यांत ती जंजिऱ्यालासुद्धा गेली नव्हती. आणि कागद म्हणत होता की ती फिरायला आली आहे आणि आता गणपतीत तिचं फिरणं संपतं.

"अलिबागला जाऊन विचारून या ना," सफूराभाभी म्हणाल्या. या नुरुद्दीनभाईंच्या पत्नी. त्यांचं म्हणणं नेहमी एका वाक्यात मावतं, त्यामुळे घरात ते कुणी मनावर घेत नाही.

"विचारून या?" नुरुद्दीनभाई म्हणाले. "मी सरकारी नोकरीत होतो. टेबलापुढे गेल्यावर विचारायचं नसतं, सांगायचं असतं. आधी पुरा अभ्यास करायचा."

"एसटी म्हणजे महामंडळ," चौलकर पेपरातून मान वर न करता म्हणाले. "सरकारी नव्हे."

अभ्यास सुरू झाला. बाजारातल्या सेवा केंद्रातून नुरुद्दीनभाईंनी व्हिसाचे सगळे प्रकार छापून आणले आणि रोज संध्याकाळी ओटीवर एकेक प्रकार चर्चेला घेतला. चौलकर आपोआप सल्लागार झाले. त्यांच्या मेहुण्याचा मुलगा कॅनडाला गेला होता, तेव्हा त्याला विमानतळावर सोडायला हे गेले होते. एवढा अनुभव आळीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

पहिल्या दिवशी विद्यार्थी व्हिसा निघाला. परदेशी लोक इथे योग शिकायला येतात, तेव्हा आपाने योग शिकावा, असं चौलकर म्हणाले. आपा नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढते हे लक्षात आल्यावर तो विषय मिटला. पत्रकाराचा व्हिसा होता. आळीतल्या बातम्या आपाला बऱ्याच ठाऊक असतात, पण त्या छापण्याजोग्या नसतात, असं सफूराभाभींनी आतून सांगितलं. गिर्यारोहकांसाठीही एक व्हिसा होता. दोघांनी तो वाचला, परसात पाटावरून उठताना गुडघ्यावर हात टेकणाऱ्या आपाकडे पाहिलं आणि मुकाट्याने पान उलटलं.

वैद्यकीय व्हिसावर मात्र दोघांचं एकमत झालं. या वयात माणसाला काही ना काही असतंच. नुरुद्दीनभाई आपाला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि देशाबाहेर जाऊ देणार नाही इतपत एखादा आजार सापडतो का, असं आडून विचारलं. डॉक्टरांनी तपासलं. साखर ठीक, दाब ठीक, हृदय उत्तम. "यांना काहीही नाही," ते म्हणाले. "तुम्ही जरा बसा. तुमचा चेहरा मला बरा दिसत नाही." नुरुद्दीनभाई रक्तदाबाची गोळी घेऊन घरी आले. आपाने ती रोज आठवणीने त्यांच्या हातावर ठेवायला सुरुवात केली.

मग चौलकरांनी शेवटचा उपाय काढला. भारतीय माणसाशी लग्न केलं की राहायला मिळतं.

"चौलकर, बहीण आहे ती माझी."

"म्हणूनच म्हणतो. चांगलं स्थळ बघू."

नुरुद्दीनभाईंनी विषय तिथेच संपवला. पण चौलकरांचे विषय संपवले म्हणून संपत नाहीत; ते बाजारात जाऊन वाढतात. त्या शुक्रवारी राजपुरीचे हुझैफा शेठ दारात हजर झाले. तीन बोटींचे मालक, पाच वर्षांपूर्वी बायको वारलेली. अंगाला अत्तराचा घमघमाट, हातात अख्खी सुरमई. ते ओटीवर बसले, छताकडे बघितलं, समुद्राच्या हवामानाबद्दल बोलले आणि मग म्हणाले की माणसाने उतारवयात एकटं राहू नये असं चौलकर म्हणत होते.

आपाने बाहेर येऊन सुरमई हातात घेतली. कल्ले उघडून बघितले. पोटाला बोट लावून बघितलं. मग नुरुद्दीनभाईंकडे वळून म्हणाली, "मासा ताजा हाय. माणसाला घरी पाठव."

सुरमई चांगली निघाली. पण नुरुद्दीनभाईंनी अर्धा तुकडा ताटातच ठेवला. ओटीवर बसून मासा तपासावा तशी आपल्या बहिणीच्या व्हिसाची तपासणी चालली आहे आणि ती आपणच चालवली आहे, हे त्यांना त्या जेवणात पहिल्यांदा जाणवलं. पण जाणवून करणार काय? गणपती आले होते. गणपतीत कोण व्हिसा बघतो, असं चौलकर म्हणाले आणि या वेळी नुरुद्दीनभाईंनाही ते पटलं. आपा चौलकरांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नी नीराबाईंना नारळ खवून देत होती. मोदकाची पारी तिला जमत नाही, पण खोबरं खवायला तिच्यासारखा हात नाही. गौरी गेल्या त्याच दिवशी आपाची मुदतही गेली. गौरींना लोकांनी वाजतगाजत पोचवलं. मुदत कुणालाही न सांगता गेली.

नुरुद्दीनभाईंना दुसऱ्या दिवशी आठवलं आणि मग त्यांनी एक अत्यंत नियमाला धरून असलेली गोष्ट केली. ते आपण होऊन पोलीस ठाण्यात गेले. ठाण्यातले हवालदार त्यांना ओळखत होते. नुरुद्दीनभाईंनी खुर्ची ओढली आणि माहिती द्यायला आल्याच्या आवाजात सांगितलं की माझ्या घरी एक ब्रिटिश नागरिक आहे, तिच्या कागदपत्रांचं पुढे काय करायचं ते मला कळायला हवं.

"कधीपासून आहे?" हवालदारांनी विचारलं.

"रमजानच्या आधीपासून."

"आली तेव्हा कळवलंत?"

"कुणाला?"

"आम्हाला. घरात परदेशी माणूस ठेवला की लगेच कळवायचं असतं. लॉजवाले कळवतात, घरवाल्यांनीही कळवायचं." हवालदारांनी कागद पुढे ओढला. "नाव सांगा. तिचं नाही, तुमचं."

अशा रीतीने मदत मागायला गेलेले नुरुद्दीनभाई अर्ध्या तासात परदेशी व्यक्तीला न कळवता आश्रय देणारे ठरले. आयुष्यात ज्यांनी स्टँडवर कुणाला विनातिकीट पान खाऊ दिलं नव्हतं, त्यांचं नाव पोलिसांच्या कागदावर चढलं. ते सरळ घरी आले नाहीत. समुद्रावर जाऊन बसले आणि भरती ओसरेपर्यंत उठले नाहीत.

तेवढ्यात हवालदार परदेशी बाईची पाहणी करायला घरी पोचलेही. सफूराभाभी बाजारात गेल्या होत्या. परसात एक म्हातारी नारळ सोलत होती.

"इथे कुणी परदेशी बाई राहते का?" हवालदारांनी विचारलं.

"इथं कुठची?" आपा म्हणाली. "पल्याडच्या लॉजवर बघा, तिकडं गोरी माणसं येतात. पण उन्हातनं आलाव, बसा. चाय घ्या."

हवालदार बसले. कागदावर पत्ता तर हाच होता, म्हणजे बाई बाहेर गेली असणार, येईलच. चहा झाला. चहाबरोबर सांदणं आली. गावात नारळाला काय भाव आहे, यंदा मासळी का नाही, पोलिसांना सणात सुट्टी का मिळत नाही, यावर दोघांचं चांगलं जमलं. हवालदारांच्या आईचे गुडघे दुखतात हे कळल्यावर आपाने कसलंसं तेल सांगितलं. नुरुद्दीनभाई खाली मान घालून आले तेव्हा हवालदार चौथं सांदण खात होते.

"कंट्रोलरसाहेब, ती बाई कधी येणार?" ते म्हणाले. "मी बसलोय कधीचा."

नुरुद्दीनभाईंनी आपाकडे बोट दाखवलं.

हवालदारांनी सांदण हळूच बशीत ठेवलं. "आजी, तुम्ही परदेशी?"

"मी?" आपाने भावाकडे पाहिलं. "ह्यो म्हणतो तर असेन."

हवालदार माणूस भला होता. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि जाताना नुरुद्दीनभाईंना बाजूला घेतलं. मुदत उलटून गेली आहे, आता देश सोडून जायची नोटीससुद्धा निघू शकते, उद्याच्या उद्या अलिबागला जाऊन साहेबांना भेटा, म्हणाला. हेच सफूराभाभी श्रावणात म्हणाल्या होत्या.

हवालदार गेल्यावर नुरुद्दीनभाई आत आले तर आपा बॅगेत कपडे भरत होती. एकेक कुडता हाताने सपाट करून ठेवत होती.

"हे काय?"

"तुझ्या दारात पोलीस आला नुरू. ह्या घराला पोलीस कधी आला न्हवता. मी जाते."

"जातेस कुठे? तिकडची चावी तर देऊन आलीस."

आपाचा हात थांबला. चौसष्ट वर्षं ती त्यांची पाठराखण करत आली होती, शाळेत कुणी मारलं तर आधी हीच धावायची, आणि आता ती बॅगेपुढे बसली होती आणि तिला जायला जगात जागा नव्हती. आणि हे कुणामुळे झालं? टेबलापुढे विचारायचं नसतं म्हणणाऱ्या माणसामुळे. नुरुद्दीनभाईंनी बॅगेतले कुडते एकेक करून परत कपाटात ठेवले. घड्या विस्कटल्या, त्या आपाने पुन्हा घातल्या.

"उद्या अलिबागला जायचं," ते म्हणाले. "मी विचारणार आहे."

अलिबागच्या कचेरीत परदेशी नागरिकांचं काम बघायला एक तरुण उपनिरीक्षक बाई होत्या. आरोही त्यांचं नाव. त्यांनी आपाचे कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, "रहिम कुठे आहेत?"

पासपोर्टवर आपाच्या नावाचे दोन तुकडे झाले होते, रहिम वेगळा आणि उन्निसा वेगळी. इंग्लंडात सगळे तिला मिसेस उन्निसा म्हणत आणि रहिम म्हणजे नवरा असेल असं समजत. आपाने कधी दुरुस्त केलं नाही, कारण नवऱ्याचं नाव अब्दुल्ला होतं आणि ते सांगायला गेलं की आणखी गोंधळ वाढे.

आरोहीबाई हसल्या आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. टुरिस्ट व्हिसा एरवी बदलून मिळत नाही. पण आजी मूळच्या भारतीय आहेत, तेव्हा त्यांना राहण्यासाठीचा प्रवेश व्हिसा मागता येतो; तो मिळाला की पुढे जन्मभराच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. मुदत उलटली याचा खुलासा लिहून द्यायचा, दंड होईल तो भरायचा. लगेच कुणी विमानात बसवत नाही.

"आधी आला असतात तर एवढंही झालं नसतं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस काय करत होता?"

"अभ्यास," नुरुद्दीनभाई म्हणाले आणि खाली बघितलं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. भारतातून परत जाण्याची अपेक्षित तारीख काय, असा त्यात एक रकाना होता. आपा म्हणाली, "ती अल्लाला ठावं." आरोहीबाई म्हणाल्या, "आजी, संगणकाला तारीख लागते." आपा म्हणाली, "मग लांबची टाक, पोरी."

भारतातला हमीदार म्हणून नुरुद्दीनभाईंचं नाव लागलं. हा शब्द ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. गेल्या दोन दिवसांत आश्रय देणारा, न कळवणारा, उशीर करणारा अशी बरीच पदं मिळाली होती. हमीदार हे पहिलं सन्मानाचं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"आता मूळ भारतीय असल्याबद्दल थोडं विचारते," आरोहीबाई म्हणाल्या. "जन्म कुठला, आजी?"

"मुरुड. घरातच. दाखला हाय शाळेचा."

"भावंडं?"

"एकच. ह्यो नुरू. पन ह्यो मोंबाशाचा."

आरोहीबाईंचं पेन थांबलं. "कुठला?"

"मोंबासा. आफ्रिकेत. बाबा तिकडं कापडाच्या दुकानात कामाला व्हता, आई न मी बी गेलू. तिथं ह्यो झाला. मग बाबाला तिकडचं पानी मानवंना, तवा बोटीनं परत आलू. सगळ्या वाटंनं ह्याची दुपटी मी धुतली."

"आपा, काहीही काय सांगतेस?" नुरुद्दीनभाई म्हणाले.

"तुला ठावं न्हाय?" आपा खरोखरच चकित झाली. "मला वाटलं आईनं सांगितलं असंल."

"माझ्या दाखल्यावर मुरुड आहे."

"मास्तरला मोंबासा लिवता येईना. बाबा म्हणाला, मुरुड लिवा, आता हितंच राहायचा हाय."

आरोहीबाईंनी नुरुद्दीनभाईंचं जन्मवर्ष बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाल्या, "त्या साली तिकडे इंग्रजांचं राज्य होतं, काका."

टेबलाच्या एका बाजूला मुरुडात जन्मलेली परदेशी बाई बसली होती आणि तिच्या शेजारी, इंग्रजांच्या राज्यात जन्मलेला, तिचा भारतीय हमीदार.

"हे मला वरिष्ठांना विचारून घ्यावं लागेल," आरोहीबाई म्हणाल्या. "अर्ज पुढे जाईल. पण हमीदाराचं नक्की करू. तुमच्या वडिलांचे काही कागद असतील तर आणून द्या."

परतीच्या गाडीत नुरुद्दीनभाई खिडकीशी बसले. रेवदंड्याच्या पुलावर आपाने विचारलं, "राग आला?" ते म्हणाले, "नाही." काशिदला आपा म्हणाली, "लई गोड व्हतास. बोटीवरची माणसं उचलून घ्यायची."

पुढचे दिवस त्यांना फार वाईट गेले. त्यांनी आयुष्यात एक मत चुकवलं नव्हतं. सव्वीस जानेवारीला स्टँडवर झेंड्याची दोरी त्यांच्या हातात असे. मुंबईकर पोरांना 'आम्ही इथलेच, तुम्ही पाहुणे' असं ते सुनावत. आणि आता सफूराभाभी त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तरीच तुम्हाला थंडी सोसत नाही." चौलकरांना ही बातमी कुणी दिली नाही, पण चौलकरांना बातमी द्यावी लागत नाही. ते दुसऱ्या दिवशी ओटीवर आले आणि हळद्यांचा पेपर न उघडता बसले, यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"कंट्रोलर," ते म्हणाले, "म्हणजे खरे विलायती तुम्हीच की."

नुरुद्दीनभाई उठून आत गेले. त्यानंतर ते ओटीवर बसेनात. मशिदीत जाताना मागच्या गल्लीने जात. आपाला नोटीस येईल ही भीती होतीच, त्यात आता वाटे की नोटिशीत दोन नावं असतील. वडिलांचा जुना भारतीय पासपोर्ट ट्रंकेत होता तो त्यांनी नेऊन टेबलावर ठेवला आणि तसेच मागे फिरले. टेबलापुढे आपण कोण म्हणून उभं राहायचं हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

मग एके सकाळी आरोहीबाईंचा फोन आला. वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं. वडील मुरुडचे, भारताचे नागरिक; तेव्हा मुलगा त्या काळी कुठेही जन्मला तरी बापामागून भारतीयच. काही अडचण नाही. आता फक्त स्थानिक पोलीस घरी येतील आणि या बाई याच घराच्या आहेत याबद्दल दोन जाणत्या माणसांचे जबाब घेतील.

हवालदार दुपारी आले. त्यांना दोन माणसं हवी होती. पण नीराबाईंनी विहिरीवर सांगितलं, विहिरीवरून ते कोळीवाड्यात गेलं आणि तासाभरात हळद्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मशिदीचे पेशइमाम आले. सुरमईवाले हुझैफा शेठ आले, या वेळी अत्तराशिवाय. मासे विकणारी येसूबाई पाटी घेऊनच आली आणि सगळ्यांना बाजूला सारून हवालदारांसमोर बसली.

"लिवा," ती म्हणाली. "ही न मी एका वर्गात व्हतू. हिनं मला पाढे सांगितले न मी हिला पवायला शिकवलं. ही बुडत व्हती, मी काढली. परदेशी कशी असंल? परदेशी असती तर सोडली असती."

"आणि हे कंट्रोलर?" कुणीतरी मागून विचारलं.

"ह्यो बोटीतनं आला तवा आम्ही पोरं बंदरावर बघाया गेलतू. डोक्यावर लाल टोपडं व्हतं. सगळ्या गावाला ठावं हाय."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. एका कंट्रोलरला सोडून. नुरुद्दीनभाई दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी अंगणातल्या पिकल्या डोक्यांकडे पाहिलं. या लोकांनी त्यांना गाडी चुकली म्हणून शिव्या दिल्या होत्या, त्यांच्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातली होती, पण 'तू बाहेरचा' असं एकानेही कधी म्हटलं नव्हतं. कुणाला तसं सुचलंच नव्हतं.

शेवटी चौलकर पुढे आले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. हवालदार म्हणाले, जबाब पुरेसे झाले. चौलकर म्हणाले, माझा राहिला आहे.

"लिहा," ते म्हणाले. "मी दत्तात्रेय चौलकर. या बाई परदेशी असतील, तर मग या आळीत देशी माणूस एकही नाही. आणि यांच्या भावाबद्दल मी काही बोललो असेन, तर ते यांचा पेपर फुकट वाचायची सवय आहे म्हणून बोललो. ते लिहू नका."

हवालदारांनी ते लिहिलं नाही. पण नुरुद्दीनभाईंनी ऐकलं. ते आत वळले आणि सफूराभाभींना म्हणाले की सगळ्यांना चहा कर, आणि चौलकरांच्या चहात साखर जास्त टाक. आपाने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हातात गोळी ठेवली.

व्हिसा दिवाळीच्या आधी आला. कागद मोबाईलमध्येच आला, पण नुरुद्दीनभाईंनी तो छापून आणला आणि ओटीवर उभे राहून मोठ्याने वाचला, थांबत थांबत, स्पष्ट, मागच्या बाकड्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल असा. आपा ओढणीला हात पुसत बाहेर आली.

"मंग आता मी कोण?"

"टुरिस्ट नाहीस. आता एन्ट्री."

"एन्ट्री म्हंजे?"

"म्हणजे आत आलीस."

"बरं झालं सांगितलंस," आपा म्हणाली. पण कागद तिने हातात घेतला, ओढणीने पुसला आणि येसूबाईला दाखवायला म्हणून तशीच कोळीवाड्याकडे निघाली. वाटेत भेटेल त्याला थांबवून दाखवत होती. नुरुद्दीनभाई ओटीवरून तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. चालताना गुडघा दुखत होता तिचा, पण मान ताठ होती.

जन्मभराच्या कार्डाचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा आहे. ते काम अर्थातच नुरुद्दीनभाईंकडे आहे आणि ते दर महिन्याला अलिबागला जाऊन विचारून येतात. न विचारता आता ते काहीच करत नाहीत.

बदल झाला तो वेगळाच. हिवाळ्यात मुंबईची मंडळी समुद्रावर येऊ लागली तेव्हा नुरुद्दीनभाई त्यांच्याशी आपण होऊन बोलू लागले. इथलं पाणी कसं, इथला नारळ कसा हे सांगता सांगता म्हणू लागले, "आमच्या मोंबासाचा नारळ मात्र वेगळा." पोरं विचारत, तुम्ही आफ्रिकेत होता? ते समुद्राकडे बघून म्हणत, "जन्मच तिकडचा. मोठं बंदर आहे." चौलकरांच्या कॅनडाच्या भाच्याचं नाव तेव्हापासून आळीत फारसं निघत नाही.

परवा ओटीवर चौलकरांना राहवलं नाही. "कंट्रोलर, इतकं मोंबासा मोंबासा करता, तिकडून आलात तेव्हा तुमचं वय काय होतं?"

नुरुद्दीनभाईंनी तोंड उघडायच्या आत आतून आपाचा आवाज आला. "काय वय? दूध पीत व्हता."

चौलकर हसले. नुरुद्दीनभाईंनी शांतपणे पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला, घडी नीट केली आणि म्हणाले,

"पण दूध मोंबासाचं होतं."